आमच्या गॅसच्या बिलातले २.८३

डिसेंबर २०२४ या एका महिन्याचं आमच्या लीड्सच्या घराचं गॅसचं बिल ३४६ पौंड आलं. ते १२९ च्या आसपास यायला हवं होतं. हे कंपनीच्या गळी उतरवून खातं दुरुस्त होईपर्यंत एप्रिल संपत आला. मधल्या काळात कोणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे. इंग्लंडात ज्यांच्याकडे जुना मीटर काढून स्मार्ट मीटर (रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारा) बसवलाय, त्यांनी तर नक्की वाचा.

आमचं घर तीन बेडरूमचं, दोन्ही बाजूंना घरं चिकटलेलं, जुन्या विटांचं. हीटिंग, आंघोळीचं गरम पाणी आणि शेगडी, सगळं गॅसवर. गॅस-वीज मिळून महिन्याला १४८ पौंडांचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून आपोआप जाणारा हप्ता, होता. तो बारा महिने सारखाच जातो. उन्हाळ्यात खात्यावर पैसे साठतात आणि हिवाळ्यात ते संपतात, त्यामुळे जानेवारीत खातं थोडं उणे दिसलं तरी एरवी मी काळजी करत नाही.

१७ ऑक्टोबरला कंपनीचा माणूस स्मार्ट मीटर बसवून गेला. पैसे लागले नाहीत, दोन तासांचं काम. जाताना त्याने एक कार्ड दिलं. त्यावर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याचं पहिलं (शून्य) आणि नव्या मीटरचा सिरियल नंबर लिहिलेला. नवऱ्याला कशाचेही फोटो काढायची सवय आहे, त्याने जुना मीटर काढण्याआधी त्याचाही फोटो काढला होता. पुढे हे दोन कागद-फोटो नसते तर आमची गाडी बराच काळ अडून राहिली असती. तुमच्याकडे मीटर बदलणार असतील तर जुन्या मीटरचा, त्यावरची बारीक अक्षरं वाचता येतील असा फोटो आधी काढून ठेवा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगलीहून आई-बाबा आले आणि २१ तारखेला आमची धाकटी झाली. घर दिवसरात्र उबदार ठेवणं आलंच. बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश असावेत असं हेल्थ व्हिजिटर (बाळ-बाळंतिणीला घरी येऊन बघणारी नर्स) सांगून गेली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जे बिल आलं त्यात जुन्या मीटरचा हिशोब, नव्याचा हिशोब, वीज असं सगळं एकत्र होतं. रक्कम मोठी दिसली, पण तान्ह्या बाळाच्या घरात बिल उलटंपालटं करून बघायला कोणाला वेळ असतो? मग महिन्याच्या मध्यावर ईमेल आली की जानेवारीपासून तुमचा डायरेक्ट डेबिट ३१२ पौंड होईल. २ जानेवारीला तो गेलाही. आणि ६ जानेवारीला डिसेंबरचं बिल आलं: गॅस ५,३८५ किलोवॅट-तास (गॅसचं बिलही इथे विजेसारखं ऊर्जेच्या या एककात येतं).

इथे घरात काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाबांनी ३४६ ला रुपयांनी गुणलं. सदतीस हजार. सांगलीत तेव्हा आठशे-साडेआठशेचा एक सिलिंडर त्यांना दोन महिने पुरायचा. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी वर गेले की खाली थर्मोस्टॅट १६ वर आणलेला असायचा. आई दिवसभर कानटोपी, शाल आणि दोन-दोन मोजे घालून बसायला लागली. आधीच लेकीच्या घरी सहा महिने राहायचं म्हणून दोघं अवघडलेले, त्यात हे. एका रात्री बाबा हळूच म्हणाले, "जावईबापूंना सांग, या महिन्याचं माझ्या पेन्शनमधून देतो." मला त्या बिलापेक्षा या वाक्याचा जास्त राग आला, आणि तो राग कंपनीवर काढायचं मी ठरवलं.

८ जानेवारीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. वागायला नम्र होती. घरात बाळ आहे का, वयस्कर माणसं आहेत का, मागच्या वर्षीपेक्षा माणसं वाढलीत का, असं तिने विचारलं. मी सगळ्याला हो म्हणाले आणि तिने तिथेच निकाल देऊन टाकला. वापर वाढलाय, स्मार्ट मीटरचं रीडिंग आपोआप येतं, त्यात अंदाज नसतो, म्हणजे बिल बरोबर. प्राइस कॅप आहे ना, मग बिल ठरावीक रकमेच्या वर कसं जातं, असंही मी विचारलं. हा गैरसमज आपल्या बऱ्याच लोकांचा असतो. ऑफजेम या ऊर्जा-नियामक संस्थेची ती मर्यादा दरावर असते, एकूण बिलावर नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ साठी गॅसचा सरासरी दर किलोवॅट-तासाला ६.२४ पेन्स आणि रोजचा स्थिर आकार ३१.६६ पेन्स होता. आमचे दर त्याच्या जवळपासच होते. म्हणजे दरात गडबड नव्हती, जी काही होती ती आकड्यात.

मग घरातल्या गोष्टी तपासल्या. बॉयलर, शेगडी सगळं बंद करून अर्धा तास मीटरच्या आकड्याकडे लक्ष ठेवलं. तो हलला नाही, म्हणजे गळती नाही. (हलला असता तर कंपनीला नाही, आधी ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन करायचा. तो चोवीस तास चालू असतो.) रेडिएटरमधली हवा काढली. बॉयलरची वार्षिक सर्व्हिसिंग राहिली होती, तीही करून घेतली, ९५ पौंड गेले. तो गॅस सेफ नोंदणीवाला (गॅसचं काम करायचा अधिकृत परवाना असलेला) इंजिनिअर बिल बघून हसलाच. म्हणाला, तुमचा बॉयलर चोवीस किलोवॅटचा. एवढा गॅस जळायला तो रोज सात तासांहून जास्त वेळ पूर्ण ताकदीने चालला पाहिजे, आणि एवढी उष्णता तुमचे रेडिएटर घेणारच नाहीत. मी नंतर भागाकार करून पाहिला. ५,३८५ भागिले ३१ दिवस, भागिले २४. बरोबर सव्वासात तासांच्या आसपास येतं. वापर खरंच वाढलाय की बिल चुकलंय हे ओळखायला हा भागाकार फार उपयोगी आहे. बॉयलरची ताकद त्याच्या पुस्तिकेत लिहिलेली असते.

दुसरा पुरावा स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला होता. मीटरसोबत एक छोटा डिस्प्ले देतात. आम्ही तो घड्याळासारखा वापरत होतो. त्यात गॅसचा महिन्याचा वापर बघता येतो, आणि डिसेंबरचा आकडा होता एकोणीसशेच्या थोडा वर. बिलात ५,३८५! पुन्हा फोन केला तर उत्तर मिळालं की डिस्प्ले फक्त माहितीसाठी असतो, बिलासाठी तो धरत नाहीत. नियम म्हणून ते खरं आहे. पण मीटर तोच, महिना तोच, आणि आकडे इतके वेगळे का, यावर फोनवरच्या मुलीकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी, १८ जानेवारीला, बाळ झोपल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. बिलाच्या मागच्या पानावर हिशोबाची रीत छापलेली असते, ती सहसा कोणी वाचत नाही. मीटर गॅसचं आकारमान मोजतो आणि पैसे ऊर्जेचे लागतात, म्हणून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं. मीटरवरचे घनमीटर गुणिले १.०२२६४ (तापमान आणि दाबासाठीची दुरुस्ती), गुणिले कॅलरिफिक व्हॅल्यू म्हणजे गॅसचं उष्मांकमूल्य (आमच्या बिलात ३९.४, हे थोडं खालीवर होत असतं), भागिले ३.६. डिसेंबरच्या पहिल्या तारखेचं रीडिंग १८७ आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेचं ३५७. फरक १७०. या रीतीने उत्तर येतं १,९०३. डिस्प्लेशी जुळतं. मग ५,३८५ ला १,९०३ ने भागलं, तर आलं २.८३.

मी ते मोठ्याने म्हटलं. बाबा कोपऱ्यात गोधडीत बसून पेपर वाचत होते, फोनवरच. मान वर न करता म्हणाले, "दोन पॉइंट त्र्याऐंशी? ब्रासचा आकडा आहे तो."

बाबा पीडब्ल्यूडीत ज्युनिअर इंजिनिअर होते. रेती, खडी, मुरूम यांचे हिशोब करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि शंभर घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. त्यांना ते पाढ्यासारखं पाठ. मी बिल त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी मागच्या पानावरची ओळ बोटाने दाखवली. तिथे छापलंच होतं: मीटर इम्पीरियल (म्हणजे घनफुटात मोजणारा) असेल तर २.८३ ने गुणावे. आणि आमच्या हिशोबात ते गुणलं होतं.

आता उलगडा झाला. इथले जुने मीटर घनफुटात मोजतात, शंभर घनफुटांचं एक युनिट. नवे घनमीटरमध्ये मोजतात. आमचा मीटर बदलला, पण कंपनीच्या नोंदीत मीटरचा प्रकार जुनाच राहिला. नवं यंत्र आधीच घनमीटरमध्ये सांगत होतं आणि कंपनीची संगणकप्रणाली ते घनफूट समजून पुन्हा २.८३ ने गुणत होती. रीडिंग अगदी बरोबर, फक्त ते कशाचं रीडिंग आहे हे चुकलेलं.

नवरा टॉर्च घेऊन बाहेरच्या मीटरच्या पेटीपाशी गेला. नव्या मीटरवर ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ३. मग ऑक्टोबरमधला जुन्या मीटरचा फोटो मोठा करून पाहिला. ‘एफटी’ आणि डोक्यावर ३. त्या रात्री बाबांनी स्वतः उठून थर्मोस्टॅट २० वर नेला.

सोमवारी, २० जानेवारीला ईमेल केली. फोनवर नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं की ही औपचारिक तक्रार आहे, तिचा नंबर कळवा. ही तारीख महत्त्वाची असते, कारण आठ आठवड्यांत तक्रार सुटली नाही, किंवा आम्ही यापुढे काही करू शकत नाही असं कंपनीने त्याआधीच लेखी दिलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि वीज-गॅस कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. नुसत्या फोनवर कुरकुर केली तर ती तक्रार म्हणून नोंदली गेली की चौकशी म्हणून, हे आपल्याला कळत नाही. ईमेलसोबत दोन्ही मीटरचे फोटो, बसवणाऱ्याने दिलेलं कार्ड, डिस्प्लेचा फोटो, बिलाचं मागचं पान आणि आमचा पाच ओळींचा हिशोब जोडला. मीटरचा सिरियल नंबर आणि एमपीआरएन, म्हणजे घराच्या गॅसजोडणीचा क्रमांक, हेही लिहिलं. एमपीआरएन बिलावर असतो. मागणी सरळ ठेवली: मीटरचा प्रकार नोंदीत दुरुस्त करा, १७ ऑक्टोबरपासूनची सगळी बिलं नव्याने काढा, तोवर डायरेक्ट डेबिट १४८ वर आणा आणि वादातली रक्कम वसुलीकडे पाठवू नका.

डायरेक्ट डेबिट बंद करून टाका असा सल्ला आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघा-तिघांनी दिला. मी तो मानला नाही. बंद केला तर आपण पैसे न देणारे ठरतो, दरही बदलू शकतो, आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. योग्य तेवढे पैसे वेळेवर जात राहिले की आपली बाजू भक्कम राहते. फेब्रुवारीपासून त्यांनी तो खरंच १४८ केला. एवढी एक गोष्ट पटकन झाली.

बाकीच्या उत्तरांबद्दल काय सांगू! पहिल्या ईमेलमध्ये ऊर्जाबचतीच्या सूचना आल्या, पडदे लावा आणि थर्मोस्टॅट एक अंश कमी करा. दुसऱ्यात माझ्या तक्रारीबद्दल खेद होता आणि बाकी काही नव्हतं. तिसरी मात्र नीट वाचावी लागली. मीटरची अचूकता तपासून घेऊ, पण मीटर बरोबर निघाला तर तपासणीचा खर्च तुमच्याकडून घेऊ, असा प्रस्ताव होता. ऐकायला न्याय्य वाटतो. पण आमचा मीटर बरोबरच होता! तपासणीत तो पास झाला असता, खर्च आमच्या डोक्यावर बसला असता आणि वर ‘मीटर बरोबर आहे’ असा कागद त्यांच्या हातात गेला असता. मी लिहून कळवलं की मीटरच्या अचूकतेबद्दल आमची तक्रार नाही, त्याच्या एककाच्या नोंदीबद्दल आहे.

फेब्रुवारीत एकदा सिटिझन्स अॅडव्हाइस या लोकांना सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या ईमेलमध्ये ‘मीटरचे तांत्रिक तपशील’ दुरुस्त करा असे शब्द वापरायला सांगितले, म्हणजे मजकूर कस्टमर केअरच्या टेबलावरून योग्य विभागाकडे जायची शक्यता वाढते. हा सल्ला फुकट असतो. बोलायला संकोच वाटत असेल तरी करा. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं बरं आहे, पण चिडल्यावर ते मला सोडून जातं, तरी त्या बाई थांबल्या.

तोवर जानेवारी आणि फेब्रुवारीची बिलं त्याच गुणाकाराने येत राहिली. खात्यावर थकबाकी दिसायला लागली. मार्चमध्ये लाल अक्षरांतलं आठवणपत्र आलं. आई ते पाकीट बघून दिवसभर गप्प होती. आपल्याकडे सरकारी दिसणाऱ्या कागदाची भीती रक्तातच असते, तिला वाटलं आता व्हिसाला काही होतंय का. असं काही होत नाही. मी त्या पत्राला तक्रार नंबर टाकून उत्तर दिलं की ही रक्कम वादात आहे आणि योग्य रक्कम आम्ही दरमहा भरतो आहोत.

१७ मार्चला आठ आठवडे पूर्ण झाले. १८ तारखेला ओम्बड्समनचा ऑनलाइन अर्ज भरला. फी नाही, वकील लागत नाही. त्यांचा निर्णय आपण स्वीकारला तर तो कंपनीला बंधनकारक असतो, नाही स्वीकारला तर कोर्टाचा रस्ता आपल्याला मोकळा राहतो. कागद सगळे एका फोल्डरमध्ये होते म्हणून अर्ज बाळाच्या एका झोपेत पुरा झाला. वर्णनाच्या चौकटीत मी गोष्ट सांगत बसले नाही. एकच तक्ता टाकला, रीडिंग, घनमीटर, त्यांनी काढलेले किलोवॅट-तास, योग्य किलोवॅट-तास, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. प्रत्येक ओळीत २.८३.

४ एप्रिलला कंपनीकडून प्रस्ताव आला, ओम्बड्समनने निकाल देण्याच्या आधीच. वेगळ्या विभागातल्या एका गृहस्थांनी फोन करून दोन वाक्यांत चूक मान्य केली. मीटर बदलल्याची नोंद झाली होती, प्रकार बदलल्याची झाली नव्हती. जानेवारीपासून मी हेच सांगत होते. प्रस्तावात नोंदीची दुरुस्ती, सगळी बिलं नव्याने, लेखी माफी आणि मनस्तापाबद्दल ७५ पौंड असं होतं. नवरा म्हणाला अजून मागू. मी मात्र स्वीकारलं, पण एक अट घालून: नवी बिलं हातात आल्यावर मी स्वतः ताळा करेन, मगच तक्रार बंद होईल.

ती बिलं २४ एप्रिलला आली. मार्चअखेरपर्यंतच्या हिशोबातून सुमारे ११०० पौंड कमी झाले. खात्यावर नऊशेच्या वर थकबाकी होती, तिच्या जागी १९० च्या आसपास जमा दिसायला लागली. ७५ पौंड त्यांनी खात्यावरच टाकले होते. मी बँकेत मागितले आणि ते आले. बॉयलरचे ९५ मात्र मागितले नाहीत, ती सर्व्हिसिंग करायचीच होती. बाबांनी प्रत्येक बिलाचा गुणाकार कागदावर पेनने करून पाहिला आणि खाली बरोबरची खूण केली, मेजरमेंट बुकात करायचे तशी.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर लेस्टरच्या एका मैत्रिणीने आपलं बिल तपासलं. तिच्याकडे उलटं निघालं. मीटर घनफुटांचा आणि बिलात २.८३ कुठेच नाही, म्हणजे तिला वापराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचंच बिल येतंय. आता काय करू, असं तिने विचारलं. नियम असा आहे की चूक कंपनीची असेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ते मागू शकत नाहीत. पण बारा महिन्यांचे मागू शकतात, आणि ते एकदम मागितले तर रक्कम मोठी होते. शिवाय आपल्याला कळूनही आपण गप्प राहिलो, असं दिसलं तर हे संरक्षण डळमळू शकतं. मी तिला म्हटलं, स्वतःहून लेखी कळव आणि हप्ते बांधून माग. तिचा नवरा म्हणतो, त्यांना सापडेपर्यंत थांबू. त्यांच्या घरी अजून यावरच चर्चा चालू आहे.